‘पाणी हवं का?’ असं विचारू नका : उन्हाळ्यात घरातल्या वृद्धांना सांभाळताना

सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा डिसेंबर होता. अकोल्याच्या थंडीत मी त्यांची कूस बदलायला शिकले, अंग पुसायला शिकले, गोळ्यांच्या वेळा पाठ केल्या. उन्हाळ्याचं कुणी काही सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. माणूस घरात आहे, उन्हात जात नाही, कुलर चालू आहे, मग काळजी कसली, असं वाटत होतं.

मे महिन्यात एका दुपारी साडेतीनला मी चहा घेऊन गेले, तर त्यांनी मला त्यांच्या थोरल्या बहिणीच्या नावानं हाक मारली. त्या मावशींना जाऊन अकरा वर्षं झाली होती. झोपेत असतील असं वाटून मी कप खाली ठेवला. मग कपाळाला हात लावला, तर तव्यासारखं तापलेलं. काखेत हात घातला, तर कोरडी ठक्क. उशाशी तांब्या होता, सकाळी मीच भरून ठेवलेला. त्यावरचं फुलपात्र उचललं, तर पाणी काठोकाठ तसंच.

दोन दिवस सलाईन लागलं. घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाल्या, “घडीघडी तुले कायले उठवू व माय? पानी पेलं का बाथरूमले न्या लागते.”

म्हणजे तहान लागत होती, पण मला त्रास नको म्हणून त्या पीत नव्हत्या. आणि मी दिवसातून दहादा “आई, पाणी हवं का?” असं विचारून, “नको” हे उत्तर घेऊन निघून जात होते. नव्यानं कुणाची जबाबदारी घेतलेल्या प्रत्येकाला मला पहिल्यांदा हेच सांगायचं असतं, की विचारू नका, द्या. पुढचं बरंचसं या एका गोष्टीतूनच येतं.

मार्चमध्येच करायचं काम : डॉक्टरांना विचारणं

वय वाढलं की तहानेची जाणीव बोथट होते, घाम कमी येतो आणि मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवायची ताकदही घटते. त्यामुळे आपल्याला जी खोली जरा गरम वाटते, ती सत्तरीच्या माणसाला धोक्याची असू शकते. त्यात गोळ्या. रक्तदाबासाठी किंवा पायावरची सूज उतरण्यासाठी दिलेली लघवीची गोळी शरीरातलं पाणी आणि क्षार बाहेर काढते. मानसिक आजारांवरच्या काही गोळ्यांनी घाम येणं कमी होतं. लिथियम चालू असेल, तर शरीर सुकल्यावर रक्तातलं त्याचं प्रमाण वाढून ते बाधू शकतं. यातली कुठलीही गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून, ऊन वाढायच्या आत डॉक्टरांकडे जायचं.

चार प्रश्न कागदावर लिहून न्या. दिवसाला पाणी किती द्यायचं? उन्हाळ्यात कुठल्या गोळीची मात्रा बदलायची का? जुलाब-उलट्या झाल्या, तर त्या दिवशी कुठल्या गोळ्या थांबवायच्या? मीठ आणि साखर किती चालेल?

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. ज्यांचं हृदय कमजोर आहे किंवा जे डायलिसिसवर आहेत, त्यांना पाणी मोजूनच द्यावं लागतं. ‘उन्हाळा आहे, भरपूर पाजा’ हा सल्ला त्यांना अपायकारक ठरतो. आमच्या डॉक्टरांनी सासूबाईंसाठी दोन लिटर सांगितलं होतं. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

खोली

पेपरात छापून येतं ते तापमान सावलीत, हवेशीर पेटीत मोजलेलं असतं. तुमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीचं ते नसतं. भिंतीवर एक साधं तापमापक लावा, ते फार महाग नसतं. दिवसा खोली ३२ अंशांच्या आत आणि रात्री २४ च्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, तिथं हे रोज साधेलच असं नाही. पण भिंतीवर आकडा दिसला की ‘आज जरा जास्तच आहे’ एवढ्यावर गोष्ट थांबत नाही.

स्लॅबखालची आणि पश्चिमेच्या भिंतीची खोली आजाऱ्याला देऊ नका. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री उशिरापर्यंत ते खाली सोडत राहतो. संध्याकाळी बाहेर वारा सुटतो, तरी आत भट्टी असते ती यामुळे. तळमजल्याची खोली मिळत असेल तर उन्हाळ्यापुरती खाट तिथं हलवा, मग ती बैठकीची खोली का असेना. आम्ही दिवाणखान्यातला सोफा काढून खाट टाकली. पाहुण्यांना थोडी अडचण झाली, पण कुणी नाव ठेवलं नाही. हलवणं शक्यच नसेल, तर गच्चीला चुन्याचा पांढरा हात मारून घ्या.

ऊन चढायला लागलं की खिडक्या-पडदे बंद आणि दिवस मावळून बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड झाली की उघडे, हा नियम. कुलर मात्र याला अपवाद आहे. तो बाहेरची कोरडी हवा ओढून, ओल्या ताट्यांतून थंड करून आत टाकतो. ती हवा बाहेर जायला वाट हवी. सगळं बंद करून कुलर लावला, की तासाभरात खोली दमट होते आणि घाम वाळेनासा होतो. समोरचं दार किंवा खिडकी चार बोटं उघडी ठेवा.

कुलरविषयी आणखी दोन गोष्टी, कारण आमच्याकडे दर उन्हाळ्यात कुलरचा शॉक लागून माणसं जातात. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आणि पाणी भरताना बटण बंद करून भागवू नका, प्लगच काढा. दुसरं म्हणजे आठवड्यातून एकदा टप पूर्ण रिकामा करून, घासून, वाळवून मगच भरा. डेंग्यूचा डास त्या साठलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो.

नुसता पंखा असेल तर लक्षात ठेवा, की खोली ४० अंशांच्या वर गेली म्हणजे तो गरम हवाच अंगावर मारत असतो. अशा वेळी अंग ओलं करणं आणि माणूस दुसरीकडे हलवणं, हे दोनच उपाय.

पाणी

सकाळी सहाला मी एकेक लिटरच्या दोन बाटल्या माठातल्या पाण्यानं भरते. सासूबाईंचं दिवसभराचं पाणी त्यातूनच जायचं. ताक किंवा सरबत दिलं, तर तेवढं बाटलीतून कमी करायचं. संध्याकाळी सातला बाटलीत काय उरलं ते दिसतं, अंदाज करावा लागत नाही. घरात दोघं-तिघं आळीपाळीनं करत असतील, तर ही युक्ती फारच उपयोगी, कारण ‘मला वाटलं तू दिलंस’ हा घोटाळा होत नाही.

दर तासाला अर्धं-पाऊण फुलपात्र. हातात द्यायचं, दोन शब्द बोलत समोर बसायचं, रिकामं फुलपात्र परत घ्यायचं. एका वेळी तांब्याभर पाजायचा आग्रह नको, पोट फुगतं आणि उलटी होते. बहुतेक पाणी सातच्या आत पोटात गेलं, की रात्री झोपमोड होत नाही आणि ‘रात्री उठवावं लागेल’ ही भीतीही जाते.

पाण्याइतकीच बाथरूमची सोय करा. खाटेजवळ कमोडची खुर्ची आणली आणि पाणी दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं मी स्वतःच “चला आई, मी उठलेच आहे” म्हणायला लागले. दोन-चार दिवसांत त्यांनी फुलपात्र बाजूला सारणं थांबवलं. डायपर लावणाऱ्यांचंही तसंच असतं. डायपर महाग आहे म्हणून तो कमी भिजावा, असं पेशंटला वाटतं. तो विषय तुम्हीच उघडपणे काढा आणि खर्चाची काळजी करू नका म्हणून सांगा.

अर्धांगवायू झालेल्यांना पातळ पाणी गिळणंच सगळ्यात अवघड जातं. ते श्वासनलिकेत गेलं, तर न्यूमोनिया होऊ शकतो. झोपवून कधीही पाजू नका. पाठीशी तक्के लावून ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, घोट लहान, आणि नंतर अर्धा तास तसंच बसू द्या. पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा आवाज घरघरा होत असेल, तर डॉक्टरांना सांगा. अशांना दाट ताक किंवा ज्वारीची आंबील पाण्यापेक्षा सोपी जाते.

काय द्यावं, यावर आपल्याकडे ज्ञान भरपूर आहे. ताक, पन्हं, कोकम सरबत, टरबूज, सगळं चांगलं. मधुमेह असेल तर पन्ह्यातला गूळ आणि रक्तदाब असेल तर ताकातलं मीठ बेतानं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना नारळपाणी डॉक्टरांना न विचारता देऊ नका, त्यात पोटॅशियम बरंच असतं. चहा चालतो. बाटलीतल्या गोड थंड पेयांवर भर नको. खिशात कांदा ठेवण्याची आपली रीत आहे. जेवणात कांदा जरूर द्या, पण पाण्याचं काम तो करत नाही.

जुलाब-उलट्या झाल्या किंवा घाम फार गेला, तर ओआरएस. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, छोटं २०० मिलीलिटरचं. कुठलं आहे ते वाचूनच पाणी मोजा. मोठं पाकीट एका पेल्यात कालवलं तर ते फायद्याऐवजी बाधतं. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं हवं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे चमच्यावर बोट फिरवून सपाट केलेला. २४ तासांनंतर उरलेलं फेकून द्या.

पुरेसं पाणी जातंय की नाही, ते लघवीवरून कळतं. फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद, वासाची आणि दिवसातून दोन-तीनदाच होत असेल तर पाणी कमी पडतंय. बी-कॉम्प्लेक्सची गोळी चालू असेल तर लघवी एरवीही पिवळीजर्द दिसते, तेव्हा घाबरू नका, त्या वेळी किती वेळा होते तेवढं मोजा. कातडी चिमटीत धरून पाहायची पद्धत म्हाताऱ्या माणसात फसवी असते, त्यांची कातडी मुळातच सैल झालेली असते. जीभ पाहा. जिभेवर चिकट, कोरडा थर दिसला तर लगेच पाणी सुरू करा.

अंग आणि अंथरूण

बारा वाजता आणि तीन वाजता ओल्या पंचानं मान, काखा, हात, पोटऱ्या पुसायच्या आणि कोरडं न करता तसंच हवेला राहू द्यायचं. पाणी वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातं. साधं माठाचं पाणी पुरे, बर्फाची गरज नाही. कपडे सुती आणि सैल.

रेक्झिनची गादी आणि त्यावर मेणकापड असेल, तर पाठ दिवसभर वाफेत शिजते. मेणकापड लागतंच, पण त्यावर जाड सुती चादर दुहेरी करून घाला आणि ओली झाली की बदला. घामानं भिजलेल्या पाठीवर, माकडहाडावर जखमा लवकर होतात. दर दोन तासांनी कूस बदलताना तिथली कातडी नजरेनं पाहा. लाल डाग दाबल्यावर पांढरा होत नसेल, तर त्या बाजूवर वजन देणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

दुपारी बारा ते चार

या वेळेत त्या माणसाजवळ कोण आहे, हा प्रश्न घरात मोठ्यानं विचारला गेला पाहिजे. नोकरीवर जाणाऱ्यांनी शेजारच्या काकूंना दुपारी एकदा येऊन फुलपात्रभर पाणी द्यायची विनंती करावी. संकोच करू नका, अशा कामाला आपल्याकडे लोक नाही म्हणत नाहीत. फोन करायचा असेल तर ‘बरं आहे का?’ एवढंच विचारून ठेवू नका. आज काय वार आहे, भाजी काय केली, असं काहीतरी विचारा. उत्तर जड जिभेनं किंवा भलतंच आलं, तर ताबडतोब कुणाला तरी घरी पाठवा.

कामाला मावशी ठेवल्या असतील, तर त्यांना हे सगळं शांतपणे सांगा आणि त्यांचंही पाणी, त्यांचंही जेवण आणि अर्ध्या तासाची पाठ टेकणं तुम्हीच पाहा. उन्हातून पायी आलेली बाई भोवळ येऊन पडली, तर दोघींचंही कठीण होईल.

ओळखायचं कसं आणि करायचं काय

उन्हानं थकवा आला की घाम खूप येतो, डोकं दुखतं, मळमळतं, पोटऱ्यांत गोळे येतात, उठल्यावर चक्कर येते. माणूस शुद्धीत असतो आणि नीट बोलतो. गार जागी आडवं करा, पाय थोडे उंच, कपडे सैल, अंग ओलं, पंखा, आणि घोट-घोट ओआरएस. अर्ध्या तासात उतार पडला नाही तर दवाखाना.

उष्माघात वेगळा. शरीराचं तापमान १०४ फॅरनहाइटच्या (४० सेल्सिअसच्या) वर जातं आणि डोक्यावर परिणाम होतो. माणूस भलतंच बोलतो, ओळखत नाही, चिडतो, गुंगीत जातो, झटके येतात. ‘घाम बंद झाला म्हणजेच उष्माघात’ असं बरेच जण मानतात. तसं दर वेळी नसतं, घाम येत असतानाही उष्माघात होतो. खूण आहे ती तापलेलं अंग आणि बिघडलेलं भान. थर्मामीटर काखेत लावला, तर आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. म्हणून १०२ दिसले आणि माणूस बरळत असेल, तर आकड्याची वाट पाहू नका.

१०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थंड करणं सुरू करा. प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. शक्य तेवढे कपडे काढा, माठाच्या पाण्यानं चादर भिजवून अंगावर टाका, पंखा पूर्ण वेगानं सोडा, चादर वाळली की पुन्हा भिजवा. बर्फ असेल तर कापडात गुंडाळून मानेच्या दोन्ही बाजूंना, काखांत आणि जांघांत ठेवा. भान नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, कुशीवर वळवा. पॅरासिटामॉल देऊ नका. जंतुसंसर्गाच्या तापात शरीर स्वतःच तापमान चढवतं, तिथं ती गोळी काम करते. इथं उष्णता बाहेरून भरली गेली आहे, ती बाहेरूनच काढावी लागते.

मी त्या दिवशी चादर भिजवली नाही. रिक्षा शोधत दहा मिनिटं दारात उभी होते. शेजारच्या नर्सबाईंनी आत येऊन बादलीभर पाणी सासूबाईंच्या अंगावर ओतलं, तेव्हा त्यांनी डोळे उघडले. हे इथं मुद्दाम लिहिते आहे.

लाइट गेली तर

माठ दोन ठेवा. हातपंखा आणि ओले पंचे जवळ. इन्सुलिनची नवीन बाटली फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत राहते. लाइट बराच वेळ गेली, तर ती घट्ट झाकणाच्या डबीत घालून माठाच्या पाण्यात तरंगत ठेवा. बर्फाला चिकटू देऊ नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. चार तासांहून अधिक वेळ लाइट गेली तर पेशंटला कुठे हलवायचं, कुणाची गाडी, कुणाची तळमजल्याची खोली, हे मे महिन्याच्या आधी ठरवून कपाटाच्या दारावर नंबरांसकट चिकटवा.

घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल, तर त्याला वरचं पाणी द्यायचं नाही. आईचं दूध जास्त वेळा पाजायचं आणि आईनं पाणी भरपूर प्यायचं. आजी आग्रह करतील, तरी नाही.

कोकण, मुंबई, गोव्यात असाल तर

तिथं आमच्या रीतीतलं सगळं लागू पडत नाही. दमट हवेत घाम वाळतच नाही, त्यामुळे कुलरचा उपयोग नाही. वारं खेळतं ठेवणं, पंखा आणि परवडत असेल तर दुपारपुरता एसी, हेच उपाय. ‘आमच्याकडे पारा ४५ ला जात नाही’ म्हणून निर्धास्त राहू नका. हवामान खातं मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, किनाऱ्यावर मात्र ३७ पासूनच. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण सोहळ्याला आलेल्यांपैकी १४ जणांचा उष्माघातानं जीव गेला. त्या दिवशीचा पारा अकोल्याच्या मे महिन्याहून कितीतरी खाली होता.

लाटेच्या पहिल्या दिवसापेक्षा मला तिसऱ्या-चौथ्या दिवसाची जास्त भीती वाटते. रात्रीही खोली थंड होत नाही, झोप झालेली नसते आणि शरीर रोज थोडं थोडं थकत जातं. सलग दोन रात्री पेशंट झोपला नसेल, तर तिसऱ्या दिवशी दुपारी कुणीतरी रजा टाकून घरी थांबा.

नवतपा संपला, मृगाची पहिली सर आली, की घरोघर कुलर झाकून ठेवायची घाई होते. आमच्याकडे त्याच आठवड्यात सगळ्यात जास्त गाफील राहिलं जातं. सर थांबली की ऊन पुन्हा निघतं, हवा दमट झालेली असते आणि अंग चिंब होऊनही थंड होत नाही. पाऊस नीट लागेपर्यंत त्या दोन बाटल्या सकाळी सहाला भरायच्याच.